धोटा, पिशवी आणि बशी

१८७० साली अमेरिकेच्या पेटंट कचेरीपुढे एक तंटा आला. एका बाजूला चार्ल्स ॲनन नावाचा गृहस्थ. सपाट तळाच्या कागदी पिशव्या करणाऱ्या यंत्राचे पेटंट आपल्याला मिळावे, असा अर्ज त्याने केला होता. दुसऱ्या बाजूला मार्गारेट नाईट. वय बत्तीस, अविवाहित, शिक्षण जेमतेम, लहानपणापासून कारखान्यात राबलेली. तिचे म्हणणे असे, की हे यंत्र माझे आहे. त्याचा लोखंडी नमुना करायला मी बोस्टनच्या ज्या कारखान्यात टाकला होता, तिथेच या माणसाने तो पाहून घेतला.

आज असा वाद उभा राहिला तर आधी अर्ज कोणी केला हे पाहतात. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात तसे नव्हते. अर्ज कोणाचा आधी आला याला तिथे गौण स्थान होते. शोध कोणी आधी लावला हे ठरवावे लागे, आणि त्यासाठी पेटंट कचेरीतच साक्षीपुरावा होई. अमेरिकेने हा नियम थेट २०१३ पर्यंत पाळला. नाईटच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट होती. तिच्याजवळ पैसा नव्हता, ओळखी नव्हत्या. पण तिने स्वतः काढलेली चित्रे होती, टिपणे होती, लाकडाचे नमुने होते, आणि ते होताना पाहिलेले कारागीर साक्षीला होते. वकिलावर तिने ऐपतीबाहेर खर्च केला. बाईमाणसाला एवढे गुंतागुंतीचे यंत्र कळणारच नाही, असा युक्तिवाद ॲननने केल्याचे सांगतात. तिच्या कागदांपुढे त्याचा काही टिकाव लागला नाही. ११ जुलै १८७१ रोजी तिच्या नावाने पेटंट निघाले, क्रमांक १,१६,८४२.

ही बाई यंत्रांपर्यंत पोहोचली कशी, हे पाहण्याजोगे आहे. तिचा जन्म १८३८ चा, मेन राज्यातला. वडील लवकर गेले. कुटुंब न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टर गावी आले आणि तिथल्या कापूस गिरणीत भावंडांबरोबर तीही लागली. बाहुल्यांत तिचे मन कधी रमले नाही. चाकू, गिरमिट आणि लाकडाचे तुकडे मिळाले की तिचे काम भागे. भावांना पतंग आणि बर्फावरच्या घसरगाड्या करून देणारी मुलगी म्हणून ती गावात माहीत होती. बाराएक वर्षांची असताना गिरणीत तिच्या डोळ्यांदेखत अपघात झाला. मागावरून पोलादी टोकाचा धोटा उडाला आणि कामगाराला लागला. धागा तुटला की धोटा असा सुटे, आणि गिरणीवाले ते रोजचेच समजून चालत. या पोरीने मात्र त्याला आवरणारी एक योजना काढली. ती गिरण्यांत वापरली गेली असे म्हणतात. पण तिचे पेटंट तिने घेतले नाही. त्या वयात पेटंट हा शब्द तिच्या कानावर आला असण्याचीही शक्यता कमीच. तिला त्यापोटी काही मिळाले नाही.

पुढे १८६७-६८ च्या सुमारास ती मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला, कागदी पिशव्यांच्या कारखान्यात कामाला लागली. पिशव्या करणारे यंत्र तेव्हाही होते. फ्रान्सिस वोले यांनी १८५२ सालीच त्याचे पेटंट घेतले होते. पण ती पिशवी पाकिटासारखी चपटी असायची. उभी राहायची नाही. सपाट तळाची पिशवी हवी तर ती हातांनी घडी घालून, खळ लावून करायची. म्हणून ती महाग पडायची आणि थोडीच व्हायची. आपल्याकडच्या वाण्याने कागदाचा पुडा बांधून दोरा गुंडाळावा, तसाच तिथला दुकानदारही सामान बांधून देत असे. गिऱ्हाइकांची रांग लागलेली आणि दुकानदाराचे दोन्ही हात पुडा धरण्यात अडकलेले. पिशवी फळीवर आपली आपण उभी राहिली तर एका हाताने ती भरता येते. फरक एवढाच, पण दुकानदारीत तो दिवसभर पुरतो.

नाईटने सोडवला तो घडीचा प्रश्न. कागदाच्या गुंडाळीतून यंत्र अखंड नळी करते, तिची कड चिकटवते. मग नळीचे तोंड उघडून आधी एक घडी, मग दुसरी, मग तिसरी पडते, मधल्या मध्ये खळ लागते, आणि चौकोनी तळ तयार होऊन पिशवी कापून बाहेर पडते. ज्या क्रमाने बायकांची बोटे हे काम करत, तो क्रम तिने पट्ट्या आणि दात्यांवर बसवला. त्या कामाच्या शेजारी रोज उभे राहिल्याशिवाय हे सुचले नसते, असे मला वाटते. हार्टफर्डला तिने भागीदारीत ईस्टर्न पेपर बॅग कंपनी काढली, १८७९ मध्ये सुधारलेल्या यंत्राचे आणखी पेटंट घेतले, आणि पुढे जोडे शिवण्याच्या धंद्यातली तळ कापायची यंत्रे, फिरती इंजिने असे करत पंचवीसहून जास्त पेटंटे मिळवली. १९१४ मध्ये ती वारली तेव्हा तिच्या मालमत्तेची किंमत २७५ डॉलर आणि ५ सेंट भरली. तिच्या यंत्राचा एक नमुना वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

नाईट एकटी नव्हती. त्या काळच्या अमेरिकेत शोधांचे पीक आले होते. १८६० साल सुरू झाले तेव्हा पेटंटचा क्रमांक २६ हजारांच्या पुढे जेमतेम सरकला होता. १९०० च्या जानेवारीत तो ६ लाख ४० हजारांवर होता. याला कारणे पुष्कळ: रेल्वे, वाढती शहरे, मजुरांची टंचाई. पण एक कारण सरळ कायद्यात होते. १८६१ च्या कायद्याने पेटंटची फी एकूण ३५ डॉलर ठरली, अर्जाबरोबर १५ आणि मंजुरीनंतर २०. मजुरालाही साठवून भरता येईल अशी ही रक्कम होती. इंग्लंडात १८५२ पूर्वी इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड या तिन्ही राज्यांचे पेटंट घ्यायचे तर तीनशे पौंडांवर खर्च येई आणि कचेऱ्यांमागून कचेऱ्या पालथ्या घालाव्या लागत. या छळावर चार्ल्स डिकन्सने १८५० मध्ये एका गरीब कारागिराची कथाच लिहिली होती. इंग्लंडने अर्जाची फी खऱ्या अर्थाने खाली आणली ती १८८३ मध्ये, चार पौंडांवर. अमेरिकेत अर्जाबरोबर यंत्राचा लहान नमुना देण्याचीही रीत १८८० पर्यंत होती. वॉशिंग्टनच्या कचेरीत हे नमुने काचेच्या कपाटांत मांडलेले असत आणि लोक ते पाहायला येत. १८७७ च्या आगीत त्यातले सुमारे ८० हजार जळाले.

शोध लावणारे लोक कोण होते? ओहायोतल्या डेटन गावचा जेम्स रिटी दारूचा गुत्ता चालवी. नोकर गल्ल्यात हात घालतात आणि हिशेब जुळत नाही, ही त्याची रोजची डोकेदुखी. १८७८ मध्ये तो युरोपला निघाला असता बोटीच्या इंजिनखान्यात त्याने पंख्याचे फेरे मोजणारे यंत्र पाहिले. फेरे मोजता येतात तर विक्री का नाही मोजता येणार? परत आल्यावर भाऊ जॉन याच्या मदतीने त्याने कळा दाबून रक्कम दाखवणारे यंत्र केले. ४ नोव्हेंबर १८७९ रोजी त्याचे पेटंट झाले. रिटीला त्या धंद्याचे ओझे पेलले नाही आणि त्याने हक्क विकून टाकले. शेवटी १८८४ मध्ये ते जॉन पॅटरसनच्या हाती आले आणि त्यातून नॅशनल कॅश रजिस्टर ही जगभर पसरलेली कंपनी उभी राहिली. रिटी गुत्त्यातच राहिला.

आता बशीकडे येऊ. या सगळ्यांत मला सर्वांत लक्षात राहणारी हकिकत तिचीच आहे.

इलिनॉयमधले शेल्बीव्हिल हे लहानसे गाव. तिथे विल्यम कॉक्रन नावाचा कापडाचा व्यापारी होता. राजकारणात होता, घरी सतत मेजवान्या होत. त्याची बायको जोसेफिन, माहेरची गॅरिस. आडनावाच्या शेवटी एक जादा ‘ई’ ती आवर्जून लावायची. वडील इंजिनिअर. घरात पिढीजात चिनी मातीची नाजूक भांडी होती, आणि मेजवानीनंतर नोकर ती घासत तेव्हा दर वेळी एखाद्या बशीचा टवका उडायचा. तिने भांडी स्वतः घासायला घेतली, आणि ते काम तिला मुळीच आवडले नाही. मग भांडी धुणारे यंत्र करायचे तिच्या मनाने घेतले. एक गोष्ट इथे स्पष्ट म्हटली पाहिजे: नोकरांचे कष्ट वाचावेत म्हणून ती यंत्राकडे वळली नव्हती. तिला आपल्या बश्या वाचवायच्या होत्या. पण १८८३ मध्ये नवरा गेला, मागे थोडी रक्कम आणि बरेच कर्ज ठेवून, आणि जे घरच्या हौसेचे होते ते पोटापाण्याचे झाले.

यंत्राने भांडी धुण्याचा प्रयत्न तिच्या आधीही झाला होता. १८५० मध्ये जोएल हाउटन यांनी हाताने फिरवायचे एक लाकडी यंत्र पेटंट केले होते. ते भांड्यांवर पाणी उडवी, त्यापलीकडे काही नाही. जोसेफिनने सुरुवात भांड्यांच्या मापापासून केली. ताटल्या, कप, बश्या मोजून त्या प्रत्येकीला बसेल असे तारेचे कप्पे तिने घडवले. हे कप्पे आडव्या ठेवलेल्या चाकाभोवती लावले, चाक तांब्याच्या हंड्यात बसवले. चाक फिरे आणि तळातून साबणाचे गरम पाणी जोराने भांड्यांवर येई. भांडे जागचे हलायचे नाही, घासायचे नाही. मळ काढायचा तो पाण्याच्या मारानेच. नाजूक बशीचा टवका कशाने उडतो हे तिने पाहिले होते, म्हणून तिच्या यंत्रात बशीला ब्रश लागत नाही, की दुसरी बशी लागत नाही. आज घराघरांत येणाऱ्या डिशवॉशरचे तत्त्व हेच आहे.

घरामागच्या लाकडाच्या खोपटात जॉर्ज बटर्स नावाच्या तरुण मेकॅनिकला हाताशी धरून तिने हे यंत्र बांधले. त्याआधी जे कारागीर तिने लावले, ते तिचे ऐकत नसत. हे लोक आधी आपल्या पद्धतीने करून पाहत, ते फसले की मग माझ्या पद्धतीने करत, आणि मधला खर्च माझ्या अंगावर पडे, अशा अर्थाचे तिने पुढे सांगितले आहे. २८ डिसेंबर १८८६ रोजी पेटंट मिळाले, क्रमांक ३,५५,१३९.

पेटंट हातात आले, पण गिऱ्हाईक? एका मैत्रिणीच्या ओळखीने शिकागोच्या पामर हाउस हॉटेलात पहिले यंत्र लागले. दुसरे मोठे हॉटेल शर्मन हाउस. तिथे ओळख नव्हती. नवऱ्याशिवाय किंवा वडिलांशिवाय ती कधी कुठे गेली नव्हती, आणि त्या काळी परगावच्या हॉटेलात एकट्या बाईने शिरणे सभ्य समजत नसत. तो दिवाणखाना एकटीने ओलांडून जाणे हे आयुष्यातल्या सगळ्यांत अवघड कामांपैकी होते, पावलोपावली आपण कोसळू असे वाटत होते, असे तिने नंतर सांगितले. ती कोसळली नाही. ८०० डॉलरची ऑर्डर घेऊन बाहेर पडली.

आठशे डॉलर! ही किंमतच सांगते की यंत्र कोणासाठी होते. हॉटेले, खानावळी, पुढे इस्पितळे आणि महाविद्यालये. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात, म्हणजे ज्या वर्षी तिथे स्वामी विवेकानंद बोलले त्याच वर्षी, खानावळींच्या स्वयंपाकघरांत तिची नऊ यंत्रे चालू होती. बांधणी, टिकाऊपणा आणि कामाची योग्यता यांसाठी यंत्राला पारितोषिकही मिळाले. १८९८ च्या सुमारास स्वतःचा कारखाना उभा राहिला आणि बटर्स त्याचा फोरमन झाला. घरात मात्र यंत्र शिरेना. एवढे गरम पाणी एकदम द्यायला सामान्य घरातला बंब पुरत नसे. शिवाय घरचा पैसा कशावर खर्चायचा हे बहुधा पुरुष ठरवत, आणि भांडी त्यांच्या वाट्याला येत नसत. १९१३ मध्ये ती शिकागोत वारली. १९२६ मध्ये होबार्ट कंपनीने तिचा धंदा घेतला आणि १९४९ मध्ये त्याच वंशातले घरगुती डिशवॉशर किचनएड या नावाने बाजारात आले.

ज्या वर्षी कॉक्रन यांना पेटंट मिळाले, त्याच १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्या समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या आणि पुढे दोन वर्षांहून जास्त काळ अमेरिकेत राहिल्या. तिथल्या बायकांचे शिक्षण, उद्योग, संस्था हे सारे त्यांनी मराठीत लिहून काढले. ते पुस्तक १८८९ मध्ये मुंबईत निघाले. नाईट आणि कॉक्रन यांचा देश मराठी वाचकाला असा त्याच दशकात, मराठी बाईच्याच नजरेने दिसला होता.

पण पेटंटचा कायदा आपल्याकडे आला कधी? फार लवकर. कंपनी सरकारने १८५६ मध्येच शोधकाला चौदा वर्षांचा एकाधिकार देणारा कायदा केला. त्याखाली पहिला अर्ज कलकत्त्याच्या जॉर्ज अल्फ्रेड डीपेनिंग या इंजिनिअरचा होता, आणि शोध होता पंखा ओढण्याचे यंत्र. साहेबाच्या दिवाणखान्यात छताला टांगलेला पंखा ओसरीवर बसलेला माणूस दोरीने रात्रंदिवस ओढत असे. त्याचे हात यंत्राकडे द्यावेत ही कल्पना. राणीची आधी मंजुरी घेतली नाही म्हणून तो कायदा वर्षभरातच रद्द झाला, १८५९ मध्ये नवा आला, १८८८ मध्ये आणखी एक. कायदे होते, पण त्यांचा लाभ घेणारे बहुतेक युरोपीय. दोरी ओढणाऱ्याकडे पंख्याचा अनुभव सर्वांत जास्त होता, पण अर्ज इंग्रजीत, कचेरी कलकत्त्याला, आणि लोखंडी नमुना घडवून देणारे बोस्टनसारखे कारखाने त्याच्या वाटेवर नव्हते.

तरीही मुंबईत एक माणूस निघाला. शंकर आबाजी भिसे, जन्म २९ एप्रिल १८६७. लहानपणीच घरात कोळशापासून गॅस करण्याचे उपकरण त्यांनी बनवले. पुढे नोकरी करता करता मुंबईच्या लोकल गाडीत पुढचे स्टेशन दाखवणारी योजना, आतल्या मालात फेरफार करता न येणारी बाटली अशा गोष्टींच्या मागे ते लागले. हे विषय पाहा: गिरणगावातला प्रवासी, दुकानातले गिऱ्हाईक. नाईट आणि रिटी ज्या जातीचे शोधक, त्याच जातीचे भिसे. १८९० च्या दशकाच्या शेवटी लंडनच्या एका शोधविषयक मासिकाने किराणा माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राची स्पर्धा लावली. भिशांचा आराखडा ब्रिटिश स्पर्धकांना मागे टाकून पहिला आला.

त्यावर काँग्रेसचे पुढारी दिनशा वाच्छा यांनी त्यांना दादाभाई नवरोजींकडे धाडले. भारताची संपत्ती इंग्लंडला वाहून जाते हे आयुष्यभर आकड्यांनी मांडणाऱ्या दादाभाईंना मराठी तरुणाच्या यंत्रात पैसा घालावासा वाटला, ही मला त्यांच्या चरित्रातली फार मोठी गोष्ट वाटते. लंडनमध्ये भिशांनी स्वयंपाकघरातल्या उपकरणाचे, आपोआप पाणी सोडणाऱ्या शौचकूपाचे, अशी पेटंटे घेतली; दुकानांपुढे जाहिराती दाखवणारे विजेचे यंत्र केले. त्यांचे मोठे स्वप्न मात्र छपाईचे खिळे ओतणाऱ्या वेगवान यंत्राचे होते. ‘भिसोटाइप’ त्याचे नाव. यंत्र चालून दाखवले. पण ते बाजारात आणायला जे भांडवल लागत होते ते दादाभाई आणि त्यांचे मित्र हेन्री हिंडमन यांना जमवता आले नाही. १९०८ च्या अखेरीस भिसे निराश होऊन बोटीने मुंबईला निघाले. त्याच बोटीवर गोपाळ कृष्ण गोखले होते. गोखल्यांनी सर रतन टाटांकडे शब्द टाकला आणि टाटांनी पैसे दिले. काम पुन्हा सुरू झाले, लंडनहून न्यूयॉर्कला गेले. खिळे ओतण्याच्या यंत्राने भिशांना नाव दिले, हवी तेवढी संपत्ती दिली नाही. ७ एप्रिल १९३५ रोजी ते न्यूयॉर्कमध्ये वारले.

नाईटला बोस्टनचा कारखाना होता, कॉक्रनकडे बटर्स होता, भिशांना त्यांच्या गावात असे काही नव्हते. बुद्धी कमी होती असे म्हणणे खोटे आहे. लंडनच्या स्पर्धेने ते सिद्ध करून ठेवले आहे. कमी होते ते कारखाना, भांडवल आणि मुंबईतच यंत्र विकत घेणारा बाजार, आणि त्या काळच्या राज्यकर्त्यांना ते इथे उभे राहायला नको होते.

तंत्रशाळेत आणि शाळेत शिकवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. १,१६,८४२ आणि ३,५५,१३९ ही दोन्ही पेटंटे आज कोणालाही फुकट पाहता येतात, चित्रांसकट. ती छापून मुलांपुढे ठेवा. घडी कुठे पडते, खळ कुठे लागते, पाणी कुठून येते हे त्यांना शोधू द्या. आणि एडिसनचा धडा शिकवाल त्या दिवशी मुंबईच्या शंकर आबाजी भिशांचे नावही फळ्यावर लिहा.